पावती येताना

दत्ता,

तुझी शोकसभा व्यवस्थित झाली. खुर्च्या पुरल्या, माइक एकदाच बंद पडला, आणि तुझ्या फोटोला घातलेला हार फोटोपेक्षा मोठा असल्यामुळे सुरुवातीला तुझी फक्त हनुवटी दिसत होती. मग कोणीतरी उठून हार सरकवला आणि तू आमच्याकडे बघायला लागलास. दुकानात एखादी बाई तासभर साड्या उलगडून घ्यायची, आणि ती काही न घेता उठणार हे तुला आधीच कळलेलं असायचं. तेव्हा तू जसा बघायचास, तसा.

वक्ते बरेच होते. एकाने तुला रुग्णसेवेचा महामेरू म्हटलं. तुझी उंची ठाऊक असलेल्या मागच्या रांगांनी ते सहन केलं. दुसऱ्याने दानशूर म्हटलं, ते मात्र मला टोचलं. तू आयुष्यभर मंडळाला देणगी म्हणून दमडी दिली नाहीस. वर्गणी द्यायचास, पहिल्या दिवशी, न मागता. कोणी जास्त मागितलं की म्हणायचास, "वर्गणी सगळ्यांची सारखी. देणगीला नाव लागतं. नाव लागलं की माणूस बिघडतो." हे वाक्य व्यासपीठावरून कोणी सांगितलं नाही. बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावं मंडळाच्या अँब्युलन्सवर रंगवलेली आहेत, त्यामुळे त्यांची अडचण समजू शकतो.

सर्वांत शेवटी आपला सेक्रेटरी मिलिंद उठला आणि त्याने घोषणा केली. तुझ्या नावाची नवी कोरी अँब्युलन्स येणार. एक बिल्डर देणार आहे, तोच, ज्याचा टॉवर आपल्या गॅलरीतून हल्ली आकाशाच्या जागी दिसतो. आणि ही गाडी संपूर्ण मोफत असणार. जायचं भाडं नाही, यायचं भाडं नाही. शोकसभेत टाळ्या वाजवाव्यात की नाही, याबद्दल लोक क्षणभर घुटमळले. पण मोफत हा शब्द ऐकला की हात आपोआप उठतात. टाळ्या झाल्या. तुझ्या फोटोखाली उभं राहून भाड्याचा तुझा एकुलता एक नियम मोडीत काढला गेला, आणि सुमनवहिनी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी मी होतो. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण उठून काही बोललोही नाही. शोकसभेत हरकतीचा मुद्दा मांडायची पद्धत अजून निघालेली नाही.

पुढे मीटिंग झाली, ते सांगतो. पण आधी भाड्याचं. कारण ते भांडण आपलं अर्धवट राहिलंय, आणि या खेपेला तू मध्ये बोलू शकत नाहीस, ही माझी अनेक वर्षांतली पहिलीच संधी आहे.

गाडी पहिल्यांदा आली तेव्हाचं तुला आठवत असेल. परळमध्ये राहायचं म्हणजे मोठमोठी हॉस्पिटलं हाकेच्या अंतरावर, आणि तरी चाळीतला माणूस वेळेवर पोचेल याची खात्री नाही. जिना अरुंद, गल्लीत दोन्ही बाजूंना बाइक, आणि गणपतीच्या दिवसांत तर लालबागचा रस्ता माणसांनीच बांधलेला. सरकारी गाडी होती, आहे, फोन केला की येते आणि पैसे घेत नाही. पण तू म्हणायचास, ती नेते, आणत नाही. बरा झालेला माणूस टाके सांभाळत टॅक्सीत कसा बसतो ते तू तुझ्या थोरल्या भावाच्या वेळी पाहिलं होतंस. आणि हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या खासगी गाड्यांचे ड्रायव्हर चेहरा बघून भाव सांगत. चेहरा जितका रडवेला तितका भाव चढा.

म्हणून मंडळाने गाडी घ्यायचं ठरवलं. देणगीदार भराभर पुढे आले. एवढी नावं झाली की रंगाऱ्याला रुग्णवाहिका हा शब्द लिहायला जागा उरेना, तो शेवटी मागच्या दारावर, नंबरप्लेटच्या वर दाटीवाटीने बसवला. पुढच्या बाजूला अँब्युलन्स ही अक्षरं उलटी लिहितात, पुढच्या गाडीवाल्याला आरशात सरळ दिसावीत म्हणून. ते पाहून एका देणगीदाराने आपलंही नाव पुढे, उलटं, लिहून मागितलं. तू त्याला शांतपणे म्हणालास, "शेठ, तुमचं नाव आरशात बघून कोणी बाजूला झालं नाही तर वाईट दिसेल." तो विषय तिथेच संपला.

मग आली भाडं ठरवायची मीटिंग. मंडळाच्या खोलीत, मागच्या वर्षीच्या गणपतीच्या सजावटीचे प्लायवूडचे खांब बाजूला सारून आपण बसलो. मी विमा कंपनीतून तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो, तेव्हा दर ठरवणं हा माझाच प्रांत, असं मी धरून चाललो होतो. मी कोष्टक करून नेलं होतं. अंतराप्रमाणे टप्पे, थांबून राहिल्यास वेगळे, ऑक्सिजन लागल्यास वेगळे, आणि पेशंट वरच्या मजल्यावरून उतरवावा लागला तर मजल्याप्रमाणे वाढीव. आजही मला ते कोष्टक निर्दोष वाटतं. तू ते हातात घेतलंस, लांब धरून बघितलंस आणि म्हणालास, "साहेबा, काय तां! चवथ्या माळ्यावरच्या म्हातारीने हार्ट अ‍ॅटॅक यायच्या आधी तळमजल्यावर येऊन राहायचं काय?"

सगळे हसले. मीही हसलो, थोडा उशिरा.

मग तू हिरव्या साडीचं सांगितलंस. चाळीस वर्षं तुझ्या शेजारी राहून ते मी तोवर ऐकलं नव्हतं. हिंदमात्याच्या दुकानात गादीवर बसून तू उभा जन्म साड्या उलगडल्यास. तू म्हणालास, दिवसाआड एखादा माणूस येतो आणि हिरवी साडी मागतो. पदर बघत नाही, काठ बघत नाही, भाव विचारत नाही. म्हणजे घरातली सवाष्ण गेलेली असते आणि साडी तिच्यावर घालायची असते. दुकानाचा तिथे नियम ठरलेला होता. साडी खरेदीच्या भावात द्यायची, घासाघीस करायची नाही, आणि निघताना गिऱ्हाइकाला 'या परत' म्हणायचं नाही. "ज्याचा हात थरथरतोय त्याच्याशी धंदा करायचा नाही," तू म्हणालास. "तो जे मागशील ते देतो. म्हणून मागायचंच नाही."

आणि तू तुझा दर सांगितलास. जाताना काही नाही. येताना भाडं. सगळ्यांना एकच, कुठलाही मजला असो. बरा होऊन घरी येणारा माणूस खुशीत असतो, तो देतो आणि घासाघीसही करतो, म्हणजे शुद्धीवर असतो. जो येत नाही, त्याच्याकडून काही घ्यायचं नाही.

मी म्हणालो की हा शुद्ध वेडेपणा आहे. आपली गाडी माणसं जगण्याच्या भरवशावर चालवायची? आणि तीही या भागात, जिथे देशभरातून शेवटची आशा घेऊन माणसं येतात? तू माझ्याकडे बघून म्हणालास, "तुझी कंपनी कशाच्या भरवशावर चालायची रे? माणसं मरण्याच्या?"

याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही. त्या दिवशी सुचलं असतं तर कदाचित आजचं हे पत्र वेगळं झालं असतं.

एकाने मध्येच सुचवलं की मग पूर्ण फुकटच करू की. त्यावर तू जे बोललास ते मी मिलिंदला परवा शब्दशः ऐकवलं. "फुकट नेऊन आणला की माणूस विचारतो, आता मी तुमच्यासाठी काय करू? आणि मग कोणीतरी असतोच, काय करायचं ते सांगणारा. भाडं घेतलं की तो काही विचारत नाही. पावती घेतो आणि झोपतो."

तुझा दर पास झाला. माझं कोष्टक मी घरी नेलं. ते कपाटात घातलेल्या कागदाखाली अजून असेल.

आता जे पुढे झालं ते तुझ्याही हिशेबात नव्हतं, हे कबूल कर. गाडी सुरू होऊन काही महिने झाले असतील. एक कोळीण, आपल्या बाजारात मासे विकायला बसायची ती, तिच्या नवऱ्याला घेऊन गाडी निघाली. हॉस्पिटलच्या फाटकापाशी तिने कमरेची पिशवी सोडली आणि ड्रायव्हर संतोषच्या शर्टाच्या खिशात नोटा कोंबल्या. तो सांगत होता की जाताना काही नसतं. ती म्हणाली, "येतानाचंच देतेय. आत्ताच घे रे. म्हणजे त्याला आणायला लागेल तुला." संतोष गोंधळला. पावती येतानाच फाडायची असा नियम, म्हणून तो म्हणाला, "बरं मावशी. पावती येताना."

नवरा बरा होऊन आला. बाई बाजारात बसणारी, तिच्या तोंडून निघालेली गोष्ट संध्याकाळपर्यंत लालबाग, काळाचौकी फिरून आली. त्यानंतर कोणी येतानाचं भाडं येताना देईना. सगळे जाताना द्यायला लागले. ऑक्सिजन लावता लावता नातेवाईक संतोषच्या मुठीत नोटा कोंबायचे आणि तो पावती येताना असं म्हणेपर्यंत दार लावू द्यायचे नाहीत. तो विसरला तर आठवण करून द्यायचे. मीटिंगमध्ये ठरवलेला एक साधा दर, त्याचा या लोकांनी नवस करून टाकला.

मला ते सहन होईना. आयुष्यभर मी लोकांना सांगत आलो की हप्ता भरल्याने मरण टळत नाही, फक्त मागच्यांची सोय होते. आणि इथे आपल्याच गाडीत, आपल्याच नावाने, विनापॉलिसी हप्ते गोळा होत होते. मी रीतसर ठराव आणला. आगाऊ भाडं स्वीकारू नये. तू म्हणालास, तुझं बरोबर आहे. मी चकित झालो. मग तू म्हणालास, "फक्त एक कर. हे सगळं खोटं आहे असं त्यांना तूच सांग. खुर्चीत बांधलेला माणूस जिन्यावरून खाली आणत असतील ना, तेव्हा सांग."

ठराव बारगळला. पण मी शेवटचा मुद्दा धरून ठेवला. जो माणूस परत येत नाही त्याच्या पैशाचं काय? तो गेला आणि येतानाचं भाडं आपल्याकडे राहिलं, याला हिशेबाच्या भाषेत काय म्हणतात ते मी सांगायला लागलो, तेव्हा तू म्हणालास की परत करायचं, त्यात काय. कोणी जायचं परत करायला, असं मिलिंदने विचारलं. तो तेव्हा नवा होता. सजावटीच्या खांबांवरचे सोनेरी मोर आमच्याकडे बघत होते. तू हात वर केलास, चहा कोणाकोणाला असं विचारल्यावर करायचास तितक्याच सहजपणे.

तेव्हापासून तू जात राहिलास. तेरावं झालं की, इस्त्रीचा शर्ट घालून, पैसे पाकिटात नाही तर नुसते वरच्या खिशात. पाकिटात घातले की आहेर वाटतो, म्हणायचास. कोणी म्हणालं की राहू द्या, आमच्यातर्फे देणगी समजा, की तू नाही म्हणायचास. देणगी नको. भाडं ते भाडं. माणूस आणला नाही, तर भाडं कसलं? घेतल्याशिवाय तू उठायचा नाहीस. एका घरी म्हणे तू जेवणाच्या वेळेपर्यंत बसून राहिलास आणि त्यांनी कंटाळून घेतले.

मी तुझ्याबरोबर एकदाच आलो, वरळीच्या बीडीडी चाळीत. तेही वादाच्या भरात, म्हणालो बघू तरी तू काय बोलतोस. आणि दारापर्यंत येऊन मी आत आलोच नाही. लांबलचक कॉरिडॉरमध्ये उभा राहिलो, शेजारच्या दारावरच्या पाट्या वाचत. उघड्या दारातून तू दिसत होतास. समोर रिकामा ग्लास, हातात चहाचा कप, आणि तू काहीच बोलत नव्हतास. बोलत होती ती म्हातारी. बराच वेळ, मुलाबद्दल. मग तू खिशातून पैसे काढून तिच्या हातावर ठेवलेस, तिने ते पदराला बांधले आणि तू उठलास. परतताना मी विचारलं की दारात गेल्यावर पहिलं काय बोललास. तू म्हणालास, "चहा बरा होता. आलं जास्त होतं."

मी पुन्हा विचारलं नाही. विचारायला वेळ आहे असं वाटायचं. आपण दोघं एकाच माळ्यावर राहत होतो, रोज भेटत होतो, आणि रोज भेटणाऱ्या माणसाला काही विचारायची घाई नसते.

तुझ्या त्या दुपारबद्दल फार लिहीत नाही. तुला ती माझ्याहून जास्त माहीत आहे. तू मंडळाच्या खोलीत बसून घामाघूम झालास आणि म्हणालास की ॲसिडिटी आहे. सुमनवहिनी धावत आल्या आणि म्हणाल्या, भावोजी, यांना कधी ॲसिडिटी झालेली मी बघितली नाही. मी संतोषला फोन केला. तो कोपऱ्यावरच होता. तू चालत गाडीत बसायचा हट्ट धरलास, संतोषने ऐकलं नाही, तुला आडवं केलं, मास्क लावला. वहिनी तुझ्या पायाशी बसल्या. मी मागच्या दाराशी उभा होतो, त्या दाटीवाटीच्या रुग्णवाहिका शब्दाच्या शेजारी.

आणि माझा हात खिशात गेला. मी ठरवलं नव्हतं. नोटा काढल्या, किती होत्या ते न बघता संतोषच्या मुठीत दिल्या. त्याने माझ्याकडे बघितलं. ज्याने ठराव आणला होता तो माणूस मी, हे त्याला पुरतं माहीत होतं. मी तसाच उभा राहिलो. दार सोडलं नाही. शेवटी तो म्हणाला, "पावती येताना, साहेब." मग मी दार सोडलं.

तू बघत होतास. तू मास्क बाजूला केलास, वहिनी रागावल्या, आणि तू म्हणालास, "शेवटी साहेबांनी हप्ता भरला."

तुझं माझ्याशी झालेलं हे शेवटचं बोलणं. लोक शेवटी काय काय उदात्त बोलतात ते मी पुस्तकांत वाचलंय. त्यातलं किती खरं असतं याबद्दल मला नेहमी शंका होती, आता खात्री आहे. तू चेष्टा केलीस आणि गेलास. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलमधून तुला आणलं तेही याच गाडीने, पण ते येणं धरायचं नाही, हे तूच ठरवून ठेवलं होतंस.

तुझं तेरावं झाल्यावर संतोष माझ्याकडे आला. सकाळची वेळ होती. मी दार उघडलं तेव्हा तो इस्त्रीच्या शर्टात होता, ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. तो बसला आणि म्हणाला, पाणी मिळेल का. त्याच्या हातात त्याची स्वतःची बाटली होती, निम्मी भरलेली. मला वाटलं गरम झालं असेल. मी आत गेलो, पाणी आणलं. आणताना ग्लास विसळला, पुसला, माठातलं काढलं की फ्रिजमधलं याचा विचार केला. बाहेर आलो तेव्हा मी बोलायला लागलो होतो. तुझ्याबद्दलच, दुसरं काय. त्या हिरव्या साडीचं, त्या उलट्या नावाचं. संतोष ऐकत होता. मी चहा ठेवला, तोही पिऊन झाला. मग त्याने वरच्या खिशातून पैसे काढून माझ्या हातावर ठेवले.

मी म्हणालो, राहू दे रे. मंडळात जमा कर.

तो म्हणाला, "काका म्हणायचे, घेतल्याशिवाय उठायचं नाही. आणि मला अकराला डायलिसिसची बाई न्यायचीय."

मी घेतले. चुरगळलेल्या त्याच नोटा होत्या. तोवर मी तुझ्यासाठी नीट रडलो नव्हतो, स्मशानातही नाही. संतोष जिना उतरून गेला आणि मी कप विसळायला बेसिनपाशी गेलो. ते तिथे झालं. बायको बाहेर भाजी निवडत होती, तिने नळाचा आवाज बराच वेळ येऊ दिला.

तर मीटिंग. बिल्डरचा माणूस हजर होता, कडक इस्त्रीत, गाडीचं रंगीत चित्र घेऊन. चित्रात तुझा फोटो गाडीच्या एका बाजूला आणि बिल्डरचा दुसऱ्या बाजूला, म्हणजे सिग्नलला गाडी उभी राहिली तर दोन्ही पदपथांना दर्शन. मोफत सेवा, अमुक ग्रुपच्या सौजन्याने. हा माणूस अधूनमधून आपल्या चाळीत पुनर्विकासाच्या संमतीपत्रावर सह्या मागत फिरतो, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि कोणी त्याचा उल्लेख करत नव्हतं. उद्या गाडीने घरी आलेला एखादा विचारणार, आता मी तुमच्यासाठी काय करू, आणि सांगणारा माणूस समोर बसला होता. पेन त्याच्या खिशालाच होतं.

मी बोललो. तुझंच बोललो, उधारीवर. फुकटचं, पावतीचं, झोपेचं. गाडी घ्या म्हणालो, आपली जुनी खिळखिळी झालीय, पण भाडं येतानाचं राहील, आणि फोटो राहणार नाहीत. मिलिंद वाईट मुलगा नाही. तो म्हणाला, "काका, तत्त्व मान्य. पण दत्ताकाका होते तोवर ठीक होतं. आता पैसे परत करायला घरोघर कोण जाणार? फुकट केलं की तो प्रश्नच राहत नाही."

मी खांबांकडे बघितलं. मोरांच्या जागी या वर्षी हत्ती होते.

मी हात वर केला. तुझ्याइतका सहज नाही. खांदा दुखतो हल्ली.

काय ठरलं ते सांगतो. गाडी येणार. भाडं येतानाच, तेवढंच. बिल्डरने एक फोटो सोडला, दुसरा सोडला, आणि गाडी देतो की नाही अशी वेळ आल्यावर आपलं नाव पट्टीएवढ्या अक्षरांत मान्य केलं. तुझं नाव मात्र लागणार आहे. ते मला थांबवता आलं नाही, वहिनींनीच हो म्हटलं. मी एवढंच साधलं की ते मागच्या दारावर, खालच्या बाजूला, लहान अक्षरांत. दार उघडलं की दिसेनासं होईल. तुला यापेक्षा चांगली अट मिळाली नसती.

आज मी पहिल्यांदा गेलो. कॉटन ग्रीनला, गोदामांच्या मागच्या चाळीत. वडील गेले, पन्नाशीचे, गोदीत कामाला होते. घरी मुलगी आणि तिची आई. बायकोने माझ्या पिशवीत पाण्याची बाटली भरून दिली होती. उन्हाचं चाललायस, म्हणाली. पैसे वरच्या खिशात होते. वाटेत मी वाक्यं जुळवत होतो. मंडळाच्या वतीने, असं एक सुरू व्हायचं. दुसरं, आपल्या दुःखात. मी पुष्कळ वाचलेला माणूस आहे, मला वाक्यांची कधी अडचण पडलेली नाही.

दार मुलीने उघडलं. कॉलेजात जाणारी असेल. तिने माझ्या शर्टाकडे बघितलं, मग तोंडाकडे. मला एकही वाक्य आठवेना. ती दारात उभी, मी दारात उभा, आतून तिच्या आईने कोण आहे म्हणून विचारलं.

"बाळ," मी म्हणालो, "पाणी मिळेल का?"

"हो, या ना काका. बसा," ती म्हणाली आणि लगबगीने आत गेली. आत भांड्यांचा आवाज झाला.

मी चपला काढल्या, खुर्चीत बसलो, आणि पिशवीतली बाटली पायाने खुर्चीखाली सरकवली.